वेगळे ठेवलेले ताट



गेल्या दिवाळीनंतर आमच्या हिंगणीच्या घरात एक ताट, एक वाटी आणि एक पेला इतर भांड्यांपासून वेगळे ठेवले गेले. कोणी कोणाला तसे करण्यास सांगितले नव्हते. एके सकाळी ती भांडी फडताळाच्या खालच्या कप्प्यात दिसली आणि सर्वांनी ती पाहून न पाहिल्यासारखे केले. ती भांडी माझ्या मोठ्या आईंची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बंधूंच्या पत्नीची होती. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन त्यांना किरणोपचार सुरू झाले होते. आठवड्यातले पाच दिवस, असे पाच आठवडे, पहाटे निघून शहरातील रुग्णालयात जायचे, दोन-तीन मिनिटे यंत्राखाली पडून राहायचे आणि सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून घाईने परतायचे, असा त्यांचा क्रम होता.

ताटापाठोपाठ अंथरूण वेगळे झाले. मग दोन वर्षांच्या नातवाला त्यांच्या खोलीकडे जाताना कोणीतरी उचलून दुसरीकडे नेऊ लागले. लेकराला किरण बाधतील ही त्यामागची भीती. या सदरात गेली कित्येक वर्षे मी विज्ञानावर लिहितो. मला ठाऊक होते की ही भीती निराधार आहे. तरीही मी बोललो नाही. घरातील स्त्रियांच्या कारभारात आपण कशाला पडावे, असे मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे 'चुकून काही असलेच तर' ही शंका माझ्याही मनात होती. रुग्णालयातून मिळालेल्या सूचनापत्रकात याविषयी लिहिलेले होते. ते आम्ही औषधांच्या पिशवीत घडी करून ठेवले होते.

शेवटी मोठ्या आईंनीच तिसऱ्या आठवड्यात यंत्र चालवणाऱ्या ताईंना विचारले, "माझ्या अंगातून ते किरण बाहेर पडतात का हो? घरी लहान मूल आहे." त्या ताईंनी उत्तर दिले, "आजी, खोलीतला दिवा विझवला की तुमच्या पदरात उजेड उरतो का?" त्या संध्याकाळी मोठ्या आई घरी आल्या, खालच्या कप्प्यातील ताट काढून त्यांनी स्वतः वरच्या मांडणीत लावले, आणि नातवाला मांडीवर घेऊन हे वाक्य आम्हां सर्वांना ऐकवले. वाक्य इतके नेमके होते की मला त्यावर काही जोडायचे उरले नाही. ते नेमके का आहे आणि कोणत्या प्रसंगी लागू पडत नाही, हे मात्र सांगणे माझे काम आहे. ते तेव्हा केले नाही, म्हणून या अंकात करतो.

गोष्ट १८९६ च्या फेब्रुवारीतील, पॅरिसची. तीन-चार महिन्यांपूर्वीच जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले होते आणि साऱ्या युरोपात त्याची चर्चा होती. आंरी बेकेरेल या शास्त्रज्ञाला वाटले की काही क्षार ऊन लागल्यावर चमकतात, तेव्हा त्यांतूनही असेच किरण निघत असावेत. त्याने फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली, तिच्यावर युरेनियमचा क्षार ठेवला, मध्ये तांब्याचा एक लहानसा क्रूस घातला आणि उन्हाची वाट पाहिली. महिनाअखेरीस आकाश ढगाळ राहिले. त्याने सर्व सामान मेजाच्या खणात ठेवून दिले. १ मार्चला, ऊन मिळालेले नसतानाही, त्याने ती काच धुऊन पाहिली. पुसटशी छाया दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. काचेवर क्रूसाची आकृती ठसठशीत उमटलेली होती. अंधाऱ्या खणात, कोणी ऊर्जा न देता, तो क्षार आपणहून काहीतरी बाहेर टाकत होता.

मारी आणि पिएर क्युरी या दांपत्याने या गुणधर्माचा पाठपुरावा केला. त्याला किरणोत्सर्गिता हे नाव मारी क्युरींनीच दिले. १८९८ मध्ये त्यांनी दोन नवी मूलद्रव्ये असल्याचे जाहीर केले: जुलैमध्ये पोलोनियम, डिसेंबरमध्ये रेडियम. नुसते जाहीर करून त्यांचे समाधान झाले नाही. गळक्या छपराच्या शेडमध्ये खनिजाचा टनावारी गाळ उकळून, ढवळून, गाळून १९०२ मध्ये मारी क्युरींच्या हाती रेडियमचा शुद्ध क्षार आला, तो एक ग्रॅमचा दहावा भाग! पोत्यांच्या हिशेबात वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना या मेहनतीची कल्पना लवकर येईल. १९०३ चे नोबेल पारितोषिक बेकेरेल आणि क्युरी दांपत्य यांना विभागून मिळाले.

याच सुमारास एक लहानशी घटना घडली, जिचा मोठ्या आईंच्या उपचारांशी थेट संबंध आहे. बेकेरेलने रेडियमची एक नळी कोटाच्या खिशात ठेवली होती. काही दिवसांनी त्या जागी त्याच्या त्वचेवर भाजल्यासारखी जखम झाली. जे किरण निरोगी पेशी जाळतात, ते रोगट पेशीही जाळतील, हा विचार पॅरिसच्या डॉक्टरांना सुचायला वेळ लागला नाही. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर किरणांचा मारा अधिक परिणामकारक होतो आणि कर्करोगाच्या पेशी तशाच असतात. रोज थोडा मारा करायचा आणि मध्ये अवकाश ठेवायचा, म्हणजे निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळतो. पाच आठवडे फेऱ्या माराव्या लागतात त्या यासाठी.

आता हे किरण म्हणजे काय, ते पाहू. काही अणूंचे केंद्रक मुळात अस्थिर असते. ते स्थिर होण्यासाठी आपल्यातले काहीतरी बाहेर फेकते. रदरफोर्डने १८९९ मध्ये त्यातील दोन प्रकार ओळखले. अल्फा हा दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा जड कण आहे. साधा कागद त्याला अडवतो. बीटा म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. त्याला अॅल्युमिनियमचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा पुरतो. तिसरा प्रकार व्हिलार याने १९०० मध्ये पाहिला. गॅमा किरण हे कणच नव्हेत. ते प्रकाशाच्याच जातीचे, पण कितीतरी अधिक ऊर्जेचे असतात. त्यांना अडवायला शिसे किंवा काँक्रीटची जाड भिंत लागते.

अल्फा कागदाने अडतो म्हणून तो गरीब आहे असे मात्र समजू नये. अल्फा कण फेकणारा पदार्थ श्वासातून किंवा अन्नातून पोटात गेला, तर तोच सर्वांत घातक ठरतो, कारण आत त्याला अडवायला पेशींखेरीज काही नसते. म्हणून किरणांचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. किरण अंगावर पडला का, हा एक. किरण फेकणारा पदार्थ अंगाला लागला किंवा अंगात गेला का, हा दुसरा. आमच्या घरात या दोहोंची गल्लत झाली होती. उन्हात उभे राहणे निराळे आणि विस्तव ओच्यात बांधून घरी आणणे निराळे.

रुग्णालयातील त्या प्रकारच्या यंत्रात कोबाल्ट-६० असते. साधा कोबाल्ट अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन शोषून तो किरणोत्सर्गी होतो. आपल्या देशात राजस्थानातील रावतभाटाच्या अणुवीज केंद्रात तो तयार केला गेला आहे. यंत्राच्या जाड कवचात तो बंद असतो. उपचाराच्या वेळी ठरलेली मिनिटे तो झरोक्यासमोर येतो आणि पुन्हा कवचात जातो. रुग्णाच्या अंगावर येतात ते केवळ गॅमा किरण. न्यूट्रॉन दुसऱ्या पदार्थाला किरणोत्सर्गी बनवू शकतात. कोबाल्टच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. ते पेशींत आपले काम करतात आणि संपतात. मागे उरतो तो त्यांचा परिणाम: त्वचा काळवंडते, थकवा येतो, भूक मंदावते. किरण उरत नाही.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात पोटॅशियम असते आणि त्याचा अत्यल्प अंश निसर्गतःच किरणोत्सर्गी असतो. प्रौढ माणसाच्या शरीरात त्याचे सेकंदाला सुमारे चार हजार अणू फुटत असतात. म्हणजे मोठ्या आईंपासून दूर बसणारे आम्ही सर्वजण त्यांच्याइतकेच 'किरण टाकणारे' होतो.

कोबाल्टची धार सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, पुढच्या तेवढ्याच काळात त्याच्याही निम्मी. कोठारातील मालाची घट आपण धरतो तशी ही घट. फरक इतकाच की ती ऊन, पाऊस, उंदीर कशानेही बदलत नाही. जुन्या कोबाल्टखाली म्हणूनच रुग्णाला अधिक वेळ पडून राहावे लागते आणि काही वर्षांनी तो बदलावा लागतो. पूर्वी ही यंत्रे परदेशातून येत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन नावाचे देशी यंत्र बनवले, त्याचे पहिले खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात बसवले गेले, आणि पुढे भारताने व्हिएतनामलाही ते भेट दिले.

दिव्याचा दाखला कोठे लागू पडत नाही, तेही सांगितले पाहिजे. थायरॉईडच्या काही आजारांत किरणोत्सर्गी आयोडीन औषध म्हणून पोटात दिले जाते. परळच्या विकिरण औषध केंद्रात हे उपचार अनेक दशकांपासून होत आहेत. येथे दिवा विझत नाही, रुग्ण तो बरोबर घेऊन घरी येतो. या आयोडीनचा प्रभाव आठ दिवसांनी निम्मा होतो, आणि तोवर रुग्णाने लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून काही दिवस अंतर राखावे, भांडी निराळी धुवावीत, असे डॉक्टरच सांगतात. त्या घरात वेगळे ताट योग्य ठरते. शरीरात काही काळ किरणोत्सर्गी तार किंवा गोळी बसवून ठेवण्याच्या उपचारातही डॉक्टरांची सूचना पाळावी लागते. तेव्हा कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर डॉक्टरांना एकच विचारावे: किरणांचा स्रोत बाहेरच राहणार, की शरीरात जाणार? कोणती भांडी कोठे ठेवायची, ते त्या उत्तरावरून ठरते.

घरातून दुकानाकडे वळतो, कारण तेथेही हे किरण आपल्या नकळत येऊन बसलेले आहेत. आमच्या भागातले शेतकरी सेलूच्या बाजारात उडीद आणतात. अनेकांच्या तोंडी 'टी.ए.यू. एक' हे नाव असते. त्यातील टी म्हणजे ट्रॉम्बे आणि ए म्हणजे अकोला. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी उडदाच्या बियाण्यावर किरण सोडले. त्यातून निपजलेल्या असंख्य रोपांतून एक उपयुक्त बदल असलेले रोप निवडले, जुन्या टी-९ वाणाशी त्याचा संकर केला, आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाबरोबर १९८५ मध्ये हा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. महाराष्ट्रातील उडदाच्या पेऱ्याचा मोठा हिस्सा त्याने व्यापला. उन्हाळी भुईमुगातील 'टॅग-२४' आणि सोयाबीनमधील 'टी.ए.एम.एस. ३८' हीदेखील याच घराण्यातील. आपल्या पोत्यातील उडदावर कधीही किरण पडलेले नसतात. ते पडले त्याच्या खापरपणज्यावर. वरणाला किंवा पापडाला त्याचे काही सोयरसुतक नाही.

काही माल मात्र खरोखर किरणांखालून जातो. वाशी येथे २००० सालापासून मसाल्यांवर विकिरण करणारा प्रकल्प चालतो. हळद, तिखट, धने यांची पूड वाळवताना व दळताना तीत जंतू आणि बुरशी येतातच. तापवून ते मारावेत तर वास उडतो. गॅमा किरण मसाला न तापवता ते काम करतात. आपल्या जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती परदेशी पाठवण्याचा विचार करणाऱ्या तरुणांनी हा मार्ग अवश्य अभ्यासावा. लासलगावचा प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला तो कांद्यासाठी. फार अल्प मात्रेत कांद्याला कोंब फुटणे थांबते. आपल्या स्वयंपाकघराचा कांद्याशी संबंध नाही, पण याच लासलगावातून किरण दिलेला हापूस २००७ मध्ये अमेरिकेला जाऊ लागला, आणि त्याच्याशी संबंध असलेले वाचक पुष्कळ असतील.

मागे एका बैठकीत एका स्नेह्यांनी मला विचारले, "कोंब फुटण्याची शक्तीच गेली, तर तो कांदा अचित्त झाला म्हणावे का?" प्रश्न चतुर आहे. पण भौतिकशास्त्राला त्याचे उत्तर देता येत नाही, आणि कंदमूळ वर्ज्य मानण्यामागे केवळ कोंबाचा विचार नाही, हे विचारणारेही जाणतात. त्याहून मला अडचणीचा वाटतो तो धान्यातील किडीचा प्रश्न. किरणांनी कीड मरते किंवा तिची पुढची पिढी थांबते. विषारी गोळ्यांचा धूर कोठारात कोंडण्यापेक्षा हे माणसाला सुरक्षित आहे, हे खरे. हिंसेचा प्रश्न त्याने सुटतो असे मी म्हणणार नाही. धान्य उन्हात खडखडीत वाळवणे, कडुनिंबाचा पाला आणि डाळीला एरंडेलाचा हात, या आपल्या जुन्या चालींत कीड मुळात होऊ न देण्याचा जो विचार आहे, तो अजूनही वरचढ वाटतो.

किरण दिलेल्या खाद्यवस्तूच्या वेष्टनावर एक हिरवे चिन्ह छापावे लागते: तुटक वर्तुळात दोन पाकळ्या आणि वर एक ठिपका. ते धोक्याचे चिन्ह नव्हे. माल विकणाऱ्याने ग्राहकाला तसे सांगता आले पाहिजे. दवाखान्यात मिळणारी निर्जंतुक सिरिंज, पट्टी, हातमोजे यांचेही तसेच. ट्रॉम्बेतील आयसोमेड हा प्रकल्प १९७४ पासून अशा वस्तू बंद खोक्यांसह गॅमा किरणांनी निर्जंतुक करतो.

धोक्याचे चिन्ह निराळे आहे, आणि भंगाराचा व्यवसाय असलेल्या आपल्या बंधूंनी हा भाग कृपया दोनदा वाचावा. दिल्लीतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत १९८५ पासून वापरात नसलेले एक कोबाल्ट-६० चे यंत्र २०१० च्या फेब्रुवारीत लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या बाजारात ते तोडण्यात आले. आतील कोबाल्टच्या कांड्या उघड्या पडल्या. एप्रिलमध्ये लोक आजारी पडू लागले, कोणाची त्वचा काळी पडली, कोणाचे केस गळाले. त्यांतील एक कामगार दगावला. त्याआधी, १९८७ मध्ये, ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून असेच यंत्र भंगारवाल्यांच्या हाती आले. त्यातील सीझियमची पूड अंधारात निळी चमकत होती. नवल म्हणून ती शेजारीपाजारी वाटली गेली. सहा वर्षांची एक मुलगी ती पूड हाताला लागलेली असतानाच जेवली. त्या दुर्घटनेत चार जण मृत्युमुखी पडले, त्यांत ती होती. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली. येथे किरण नुसता अंगावर पडला नव्हता, किरण टाकणारी वस्तूच ताटात गेली होती.

पिवळ्या पार्श्वभूमीवर मध्ये ठिपका आणि भोवती तीन काळी किंवा जांभळट पाती, हे ते चिन्ह. काही नव्या यंत्रांवर लाल त्रिकोणात कवटी आणि पळणारा माणूसही असतो. असे चिन्ह असलेली, किंवा आकाराच्या मानाने अवाजवी जड, शिशाने मढवलेली वस्तू काट्यावर आली, तर ती तोडू नये, कापू नये, वितळवू नये. माणसांना लांब करावे आणि पोलीस ठाण्यात कळवावे. चार पैशांच्या शिशासाठी जोखीम घेण्याजोगा तो माल नव्हे.

माझ्या चुलत बंधूंचे वर्ध्याला भंगाराचे दुकान आहे. त्यांच्या काट्यामागच्या भिंतीवर लावण्यासाठी दोन्ही चिन्हांचे चित्र मी काढून घेतले, तेव्हा मोठ्या आई शेजारीच डाळ निवडत होत्या. "हे पिवळे फूल कशाचे रे?" त्यांनी विचारले. मी सांगितले. "आणि मसाल्याच्या पाकिटावर हिरवे होते, ते?" ते निराळे, असे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली आणि नातवाच्या मुठीतले डाळीचे दाणे हळूच सोडवून घेतले. त्यांची पुढची तपासणी चैत्रात आहे.